बांधावरची मधली पट्टी

माझ्या सासूबाईंना बियाण्याच्या मळ्यावर सगळे 'भिंग' म्हणतात. नजर तशी बारीक. तोंडावर मावशी, पाठीमागे भिंग. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण तसं कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या! लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्या मला मळ्यावर घेऊन गेल्या, माझ्या दोन्ही हातांत एकेक रोप ठेवलं आणि म्हणाल्या, "यातलं कोणतं ठेवशील?" मी उजव्या हातातलं ठेवलं. त्यांनी ते काढून घेतलं, फेकलं आणि पुढे चालू लागल्या. याला आता नऊ वर्षं झाली. मला खुरपं मिळालं, रांगेत जागा मिळाली, पण सासूबाई जिथे स्वतः बसतात तिथे त्यांनी उपटलेलं तण गोळा करून खाली नेऊन टाकायचं, एवढंच माझं काम. मी खूप वेळा धुसफुसले. नवऱ्याला सांगितलं, तर तो ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर, त्याला दोघींच्या मधे पडायची हौस नाही.

आमच्या मळ्यावर एकच पीक आहे, आणि ते म्हणजे गवत. ऐकणारे हसतात. गवत काय कुणी पेरतं? पेरतात. हे इथलंच, मूळचं गवत आहे. मळ्यावर त्याला थोरलं म्हणतात, कारण तिसऱ्या वर्षी ते माणसाच्या डोक्यावरून जातं. एकदा जमिनीत धरलं की पुन्हा पेरायला नको. थंडीत वाळून मेल्याचं सोंग घेतं, ऊन तापलं की बुडातून परत फुटतं. पण पहिल्या वर्षी याच्याइतकं कंजूष काही नाही. वर बोटभर पातं दाखवतं आणि सगळी कमाई खाली मुळात घालतं. बघणाऱ्याला वाटतं, पेरणी फसली.

त्यात त्याचा एक तोतया आहे. नाव दुसरं काही असेल, आम्ही तोतयाच म्हणतो. लहानपणी दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक एकच. पातं जिथे दांड्याला मिळतं, तिथे थोरल्याला पांढऱ्या लवेची बारीक झालर असते. तोतयाला ती नसते. तोतया भराभर वाढतो, सगळ्यांना खूश करतो आणि एका हंगामात मरून जातो. मूळ वीतभरसुद्धा नाही. तो मेला की खाली माती उघडी, आणि उतारावरची उघडी माती म्हणजे काय हे आमच्या गल्लीला कुणी शिकवायला नको.

आमची गल्ली तलावाच्या मातीच्या बांधाखाली आहे. चार वर्षांपूर्वी पाणी चढलं असताना बांधाचा खांदा खचला आणि ओला चिखल गल्लीत उतरला. दुपारची वेळ होती. मी भांडी घासत होते. दार आपोआप उघडल्यासारखं झालं आणि चिखल आत आला, आवाज न करता, एखाद्या ओळखीच्या माणसानं यावं तसा. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची, पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं गंमत आहे. पलंगाचे पाय बुडाले तेव्हा मी तिला उचललं आणि मागच्या खिडकीतून शेजारणीच्या हातात दिलं. कुणी गेलं नाही. पण तेव्हापासून भांडी घासताना मी दाराकडे पाठ करत नाही.

या वर्षी बांधाच्या इंजिनिअर बाईंनी उतार दुरुस्त केला आणि सासूबाईंच्या शब्दावर त्यावर थोरलं पेरायचं ठरवलं. बाई तरुण, बोलायला मऊ, पण हिशेबाला पक्क्या. त्यांनी पाण्यात उभ्या असलेल्या मोजणीच्या खांबावर पांढरा पट्टा ओढून घेतला. "मावशी, पाणी इथवर यायच्या आत उताराला मुळांनी धरलेलं पाहिजे. नाही धरलं तर मी मशीन आणून सगळं खरवडीन आणि दगड लावीन."

"चढत्या पाण्यात खरवडलं तर दगड लावायला बांध उरेल का?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणते, धरू द्या."

ऊन तापलं तेव्हा आम्ही पेरलं. नखभर खोल, त्याहून जास्त नाही. दोन महिन्यांत रोपं दिसायला लागली आणि त्यांच्या दुप्पट तोतया. जुन्या मातीत त्याचं बी पडलेलंच होतं. मग खुरपणी सुरू झाली. बारा बायकांची आडवी रांग. नियम एकच: झालर नाही अशी खात्री झाली तरच उपटायचं, शंका आली की सोडून द्यायचं. उताराच्या मधली पट्टी, जी बरोबर आमच्या घरांच्या वर येते, ती सासूबाईंनी स्वतःकडे ठेवली. तिथे त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. मी मागे टोपली घेऊन.

गेल्या दोन हंगामांपासून एक नवी गोष्ट दिसत होती. रोप बघायला त्या पूर्वी नुसत्या वाकायच्या. आता पार जमिनीपर्यंत खाली जायच्या, पातं दोन बोटांत धरायच्या आणि खालच्या ओठावरून फिरवायच्या. मग ठेवायच्या किंवा उपटायच्या. बायकांना हसू आवरायचं नाही. "भिंग चरायला लागलं गं," एक म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. मीही हसले. खरं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

मग त्यांची दाढ दुखायला लागली. चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी गाल भोपळ्यासारखा सुजला. मीच ओढून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापूस दाबून धरायला सांगितला आणि आज आराम करा म्हणून बजावलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि रिक्षात बसल्याबरोबर बांधाकडे बोट दाखवलं. बोलता येत नव्हतं. तोंड एका बाजूला लोंबत होतं. "आई, आजचा दिवस राहू द्या," मी म्हटलं. त्यांनी परत बोट दाखवलं. मधल्या पट्टीचा मोठा भाग अजून राहिला होता आणि वर आभाळ भरून येत होतं. मी वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात कधीच नव्हती, आणि त्या दिवशी तर त्या बोलूही शकत नव्हत्या, म्हणजे वाद मीच एकटीनं घालायचा.

दुपारभर त्या भराभर पुढे सरकत होत्या. इतक्या भराभर मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. दाढ गेली, जीव मोकळा झाला, असं वाटलं. ढीग मोठे पडत होते. तीन टोपल्या मी खाली नेऊन टाकल्या. चौथी भरताना एक रोप बाहेर पडलं म्हणून उचललं. त्याचं मूळ लांब होतं. लांब, सरळ, पांढरं, तुटलेलं टोक धरून माझ्या कोपरापर्यंत येईल एवढं.

मी पातं बाजूला ओढून बघितलं. झालर होती.

दुसरं उचललं. झालर. तिसरं, चौथं. मी टोपली तिथेच उपडी केली आणि गुडघ्यावर बसून एकेक रोप बघत गेले. पाच-सहांत एखादाच तोतया, बाकी सगळं थोरलं. मी मान वर केली. वर जवळजवळ कड्यापर्यंत मधली पट्टी बोडकी झाली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना इतर बायकांच्या पट्ट्या हिरव्या. खाली आमचं छप्पर.

"आई!" मी ओरडले. "थांबा! हात थांबवा!"

त्या वळल्या. मी रोपं मुठीत धरून वर धावले आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. "हे काय आहे? बघा ना, हे काय आहे?"

त्यांनी रोप घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी सवयीनं पातं ओठावर फिरवलं, आणि अर्ध्यातच हात थांबला. लोंबणाऱ्या ओठाला त्यांनी बोटानं दाबून पाहिलं. चिमटा काढला. पुन्हा काढला, इतक्या जोरात की रक्ताचा थेंब आला.

त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"दोन वर्षं," त्या कापसातून कशाबशा म्हणाल्या. "दोन वर्षं झाली बारीक दिसत नाही. ओठानं कळतं. लव गुदगुल्या करते. लागलं की ठेवते, नाही लागलं की उपटते." मग म्हणाल्या, "आज ओठ नव्हताच मला."

मला दया यायला हवी होती. नाही आली. "तुमच्या नातीचं अंथरूण त्या छपराखाली असतं," मी म्हटलं. "दोन वर्षं मूग गिळून बसलात? एकदा मला म्हणायचं होतं. मी काय नऊ वर्षं नुसती हमाली करायला ठेवलेली आहे?" रांगेतल्या बायका थांबून बघत होत्या. सासूबाई उपटलेलं रोप परत मातीत खोचत होत्या. त्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यांना घाबरलेलं पाहून मी जास्त घाबरले.

मग त्यांनीच विचारलं, "बूड हातात आलंय का, की वरून तुटलंय?"

उपटलेल्या रोपाला मातीतला पांढरा फुगीर गड्डा चिकटून आला तर ते मेलं. तो मातीतच राहिला असेल तर थोरलं पुन्हा फुटू शकतं. आम्ही दोघी ढिगाशी बसलो. मी बघायची, त्या विचारायच्या. आलंय? आलंय. आलंय? नाही. निम्म्याहून थोड्या कमी रोपांचे गड्डे आले होते. उरलेले मातीत होते, म्हणजे असावेत. कोण कुठलं, हे कळायला मार्ग नव्हता. उकरून बघितलं तर जे जगणार तेही मेलं असतं.

माझ्या मनात आलं, कुणालाच सांगायला नको. बाईंना कळलं तर मशीन येईल, उतार ओरबाडला जाईल आणि वर पाणी चढतंय. मी सासूबाईंना तसं म्हटलंही. त्यांनी कापूस थुंकून टाकला, उठल्या आणि तडक बाईंच्या बांधावरच्या खोलीकडे निघाल्या. सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. डोळे, ओठ, दाढ, सगळं.

बाईंनी खांबाकडे बघितलं. "पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "तोवर पाणी पट्ट्याच्या खाली राहील, असा माझा अंदाज आहे. माती वाहू नये म्हणून तागाचं कापड अंथरून घ्या. पंधरा दिवसांत थोरलं फुटलेलं दिसलं तर ठीक. नाही तर मला मशीन आणावंच लागेल, मावशी. आणि तुमची गल्ली रिकामी करावी लागेल."

आम्ही मधल्या पट्टीवर ताग अंथरला आणि खुंट्या ठोकल्या.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाऊस रोज दुपारी यायचा. पाऊस थांबला की मी बांधावर जाऊन खांब बघायची. पट्ट्याखाली चार वीत. मग तीन. एका दिवशी दीड वीत चढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तागावरून गढूळ ओघळ खाली येत होते. मी बोट बुडवून बघायची, किती माती आहे पाण्यात. लेकीला शाळेतून आणलं की दप्तर दाराशी तयार ठेवायची, त्यात तिचे दोन कपडे आणि तिच्या वडिलांचा फोन नंबर लिहिलेला कागद. ती विचारायची, "आपण गावाला जाणार?" मी म्हणायची, "बघू." शेजारीण म्हणायची, तुझी पाचावर धारण बसलीय, थोडं बैस, चहा पी. मी बसायची आणि कान मात्र दाराकडे.

सासूबाई बांधावर आल्याच नाहीत. पलंगाच्या कडेला बसून राहायच्या. गाल उतरला, ओठ जागेवर आला, पण तोंडाची रया गेली. जेवण पुढे ठेवलं की दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. एकदा नात त्यांना म्हणाली, "आजी, तू भित्री झालीस." त्या म्हणाल्या, "आधीपासूनच होते गं. चाळीस वर्षं उपटतेय, पण एकही रोप न भिता उपटलं नाही." मी स्वयंपाकघरात होते. मला नऊ वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना सगळं ठाऊक असतं.

पंधराव्या दिवशी सकाळी बाई आल्या, बायका जमल्या. बाईंनी ताग वर उचलला. खाली हिरवं होतं. अर्ध्या बोटाएवढं, ठिकठिकाणी. बायका ओरडल्या. मी मात्र ओरडले नाही, कारण एवढ्या वेळात तोतयासुद्धा एवढाच येतो. मी वाकून बघितलं. पातं ओलं, लव असेल तर चिकटून बसलेली. बाईंनी खिशातून भिंग काढलं, त्यातूनही कळेना. पाणी पट्ट्याखाली एक वीत होतं. मशीन रस्त्यावर येऊन उभं होतं.

"मावशींना बोलवा," बाई म्हणाल्या.

मी घरी गेले. सासूबाई नाही म्हणाल्या. "परत चुकले तर?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरला आणि उठवलं. त्या माझा हात सोडत नव्हत्या. नऊ वर्षांत त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही.

वर गेल्यावर त्या बाईंना म्हणाल्या, "मी एकटी सांगणार नाही. हिलाही ओठ लावू द्या. मी आधी, मग ही. दोघींनी एकमेकींना ऐकू जाणार नाही असं तुम्हाला सांगायचं. जिथे दोघींचं जुळेल तेच खरं धरा." मग माझ्याकडे वळल्या. "आधी फुंकर घाल, पाणी उडू दे. मग पातं खालून वर ओठावर ने. दाबू नको."

त्या पोटावर आडव्या झाल्या. मी त्यांच्या मागे. वरच्या कड्यापासून सुरुवात केली. पहिल्या रोपाला मी फुंकर घातली आणि ओठ लावला. काहीच कळलं नाही, नुसतं ओलं गार. पुन्हा लावला. तेव्हा लागलं. अगदी हलकं, नुकत्या जन्मलेल्या मांजराची लव लागावी तसं. मी बाईंच्या कानात म्हटलं, "आहे."

आम्ही खाली खाली येत गेलो. बाई एकदा सासूबाईंकडे वाकायच्या, एकदा माझ्याकडे, आणि दोघींचं जुळलं की काडी रोवायच्या. काड्या वाढत होत्या. माझ्या तोंडात माती गेली होती, नाकाला चिखल, पण मी मागे वळून काड्या मोजायला लागले होते. पट्टीचा वरचा भाग धरला होता. मधला बराचसा धरला होता. मेलेल्या जागाही होत्या, पण मधे मधे.

सगळ्यांत खाली एक सलग तुकडा होता, पलंगाएवढा. तिथे सगळ्यांत दाट हिरवं होतं. तिथून आमचं छप्पर उडी मारली तर पाय टेकेल इतकं जवळ दिसतं. माझी लेक पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी ओठ लावला आणि म्हटलं, "आहे."

बाईंनी काडी रोवली नाही. मग सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, इथे तुमचं दोघींचं जुळत नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या दिशेनं. रागावल्या नव्हत्या. "परत लाव," एवढंच म्हणाल्या.

मी फुंकर घातली. ओठ लावला. गुळगुळीत. दुसरं रोप, तिसरं रोप. गुळगुळीत, काचेसारखं. आणि मला कबूल करायलाच हवं, पहिल्यांदाही ते गुळगुळीतच लागलं होतं. मला ते कळलं होतं. घाबरून तोंडातून 'आहे' निघालं होतं, बस.

"नाही," मी म्हटलं. "इथे नाही. सगळा तोतया आहे."

बाईंनी रस्त्यावरच्या मशीनवाल्याला हातानं परत जायची खूण केली. मग खांबाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वरचं धरलंय, ते मी ओरबाडणार नाही. पण एवढं खालचं? हिरवं आहे तोवर राहू द्यायचं का? निदान या हंगामापुरतं झाकलेलं राहील."

"तो राहिला तर वरून पसरत आलेल्या थोरल्याला जागा देणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि थंडीत मरेल. आज काढलं तर मळ्यावरच्या जुन्या थोरल्याचे मुळांसकट ठोंब आणून लावता येतील. धरले तर धरले. नाही धरले तर..." त्यांनी माझ्याकडे हात केला. "पण घर तिचं आहे. तिला विचारा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खाली लेकीची नाडी बांधून झाली होती. तिनं वर बघून हात हलवला. पाणी पट्ट्याखाली एक वीत होतं आणि आभाळ परत भरत होतं. मला पळून जावंसं वाटलं. सासूबाई चाळीस वर्षं कशाच्या जोरावर हे करत आल्या ते मला त्या क्षणीही कळलं नाही, आणि विचारायला वेळ नव्हता.

मी गुडघे टेकले. मग आमच्या छपराच्या बरोबर वर होती नव्हती तेवढी हिरवळ मी माझ्या हातानं उपटून काढली, आणि माती उघडी पडली.